आपोलिनाची सवत

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, कारण नुसतं बघून तुम्हाला कळायचं नाही. मी आगगाडी आहे. जुनी, पत्र्याची, चावीवर चालणारी. परवा एक पाहुणी बाई कपाटाच्या काचेला नाक लावून म्हणाली, "हा डबा कसला हो, चहापावडरीचा?" चहापावडरीचा! सत्तर वर्षं होत आली मला. असा राग आला म्हणून सांगू! पण तिची तरी काय चूक? माझ्या अंगावर आता ना रंग आहे, ना नंबर, ना खिडकी. नुसता पांढरा पत्रा, त्यावर ओरखडे, आणि मागच्या चाकाजवळ नखाएवढा हिरवा ठिपका. बाकीचा रंग कुठे गेला, तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म जर्मनीतल्या एका खेळण्यांच्या कारखान्यातला. तुमच्याकडे आधी मूल जन्मतं आणि मग त्याला कपडे घालतात. आमच्याकडे सगळं उलटं. पत्रा सपाट असतानाच त्यावर रंग, रेघा, आकडे छापून घेतात. मग तो कापतात, वाकवतात, आणि पत्र्याच्याच चिमुकल्या जिभा खाचांत घालून मुडपतात. ना स्क्रू, ना झाळण. त्यामुळे माझा रंग वरून फासलेला नव्हता, ती माझी कातडीच होती. गर्द हिरवी, कडेने लाल रेघ, पोटावर सोनेरी आकड्यांत ४१७. खिडकीत मिशीवाला ड्रायव्हर छापला होता. तो रुळाकडे कधी बघायचाच नाही, सदा तुमच्याकडे बघायचा. पोटात पोलादी स्प्रिंग आणि डाव्या बाजूला चावीचं भोक. दिसायला मी देखणी होते, हे मी आपल्या तोंडाने सांगते, कारण आता दुसरं कोणी सांगायचं नाही.

पहिल्या घरातली मुलं मोठी झाली आणि मी माळ्यावर गेले. तिथे किती वर्षं काढली ते मोजलं नाही. मग एका रविवारी मी हॅम्बुर्ग बंदराजवळच्या जुन्या बाजारात, प्लॅस्टिकच्या तुकड्यावर, फुटक्या कपबश्यांच्या शेजारी बसलेली होते. थंडी मरणाची. तेवढ्यात एक काळासावळा माणूस वाकला. बोटीवरच्या इंजिनरूममध्ये तेलपाणी बघणारा तो खलाशी, नाव इनास. लोक मला उचलत तेव्हा आधी माझा चेहरा बघत. याने मला उलटं केलं, पोट बघितलं, चाक बोटाने हळूच फिरवलं आणि मला कानाशी धरलं. चावी मात्र दिली नाही. इतकी वर्षं पडून असलेल्या स्प्रिंगला एकदम चावी देऊ नये, हे त्याला कोणी शिकवलं होतं देव जाणे. मी तिथेच त्याची झाले.

त्याच्या लोकरी स्वेटरांत गुंडाळून मी देवबागला आले. चाळीस वर्षं झाली त्याला. देवबाग तुम्ही बघितलंय का? एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, आणि मधे माडांची एवढीशी पट्टी. वारा इकडून आला तरी खारा, तिकडून आला तरी खारा. पत्र्याच्या गाडीसाठी याहून वाईट गाव शोधून सापडायचं नाही.

इनासने मला जमिनीवर ठेवलं आणि त्याची बायको आपोलिना मागीलदारातून धावत आली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. खारवायचे बांगडे चिरत बसली होती ती. हात गाऊनला पुसत पुसत तिने ते पुढे केले आणि इनास ओरडला, "हात लाव नको! तुझे हात खारे आसत!"

मित्रांनो, पत्र्याच्या बाजूने बघितलं तर त्याचं बरोबर होतं. मिठाचं एक बोट लागलं तर तीन दिवसांत तिथे तांबूस डाग उठतो. पण आपोलिना पत्र्याची नव्हती. तिचे हात तसेच हवेत राहिले. मग ती हसली आणि कुंपणापलीकडच्या शेवंतीला मोठ्याने म्हणाली, "शेवंती गो, ऐकलंस? बायलेक साडी हाडूक नाय, आणि सवत हाडल्यान!"

बायकोला साडी आणली नाही आणि सवत आणली, म्हणे! तेव्हापासून मी त्या घरात सवत. शेवंतीसुद्धा विचारायची, "काय गो, तुझी सवत काय म्हणता?" सगळी हसायची. मीही हसायचे. खरं सांगू? मला ते नाव आवडायचं. माणसाची बायको दारात उभी आणि मी त्याच्या मांडीवर. यात मला फार थोरपण वाटायचं.

पुढे प्रत्येक सफरीहून येताना इनास कोणी ना कोणी घेऊन यायचा. लाल इंजिन आलं, काळं आलं, एक बिनचाकाचं आलं त्याला त्याने चाकं बसवली. सहा इंजिनं आणि अकरा डबे झाले. त्याने आमच्यासाठी काचेचं कपाट करून घेतलं. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून आत झिरोचा बल्ब चारही महिने जळायचा. आम्हाला घ्यायचं तर आधी हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, वर पावडर लावायची. पुसायचं ते मलमलीच्या मऊ तुकड्याने, तेही कोरड्याच. पाणी म्हणजे विष. तेल सुईच्या टोकावर एकच थेंब, तेही चाकाच्या दांड्याला. चावी चौदा फेरे, पंधरावा कधीच नाही. आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत पळू द्यायची, स्प्रिंग ताणलेली ठेवून झोपवायची नाही. हे सगळं त्याने बोटीवरच्या मोठ्या इंजिनांपासून आणि जगभरच्या जुन्या बाजारांतून गोळा केलं होतं. गावात फोन आल्यावर पुण्यातल्या आणि कुठल्या कुठल्या छंदिष्टांशी तो यावर तासन्‌तास बोलायचा. घरात मात्र याबद्दल त्याने एकच वाक्य सांगितलं. हात लाव नको.

नोकरी सोडून तो कायमचा घरी आला आणि रविवार आमचा झाला. चर्चमधली मिस्सा, म्हणजे सकाळची प्रार्थना, आटपून आलं की हॉलमध्ये रूळ मांडायचे. शेजारपाजारची पोरं, म्हातारे, शेवंती, सगळी भिंतीला टेकून बसायची. इनास चौदा फेरे मोजायचा आणि मला सोडायचा. लादीवर काय आवाज व्हायचा माझा! मागे तीन डबे, वळणावर ते जरा कलायचे, आणि पोरं "पडली पडली!" म्हणून ओरडायची. मी पडायचे नाही. आपोलिना स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची. हातात डाव असायचा. माझी प्रत्येक फेरी ती ओठांतल्या ओठांत मोजायची, हे फक्त मला दिसायचं. एकदा मी नेहमीपेक्षा दोन फेऱ्या जास्त केल्या, तर ती इनासच्या आधी टाळी वाजवून मोकळी झाली आणि मग लाजून आत गेली.

नाताळात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मांडायचे, त्याभोवती रूळ लागायचे. गोठ्यासाठी नाचणी पेरून तिचं हिरवं रान उगवायचं काम आपोलिनाचं. रान ती मांडायची, रूळ तो मांडायचा. रूळ मांडताना ती दोन हात लांब सरकून बसायची. एकदा तिने विचारलं होतं, "रे इनास, माका एकदा चावी देवक दी. एकदाच." मुलगी मेल्विना तेव्हा शाळेत होती, तीही म्हणाली, "दे ना रे पापा." इनास हसत म्हणाला, "आधी तुझ्या आवशीचे हात सुके होवंदेत. फुडल्या वर्सा बघू." पुढच्या वर्षी त्याने बघितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तो वाईट माणूस नव्हता हो. तिला ताप आला तर रात्रंदिवस उशाशी बसणारा माणूस तो. पण माझ्यापाशी आलं की त्याला बाकी कोणी दिसायचं नाही.

आणि मग त्याला खरोखरच दिसेनासं झालं. उजवा डोळा बोटीवर कढत तेल उडून कधीच गेला होता. डाव्यात मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनचं नाव काढलं की तो उठून माडांत जायचा. एकच डोळा शिल्लक, तोही बिघडला तर? या भीतीत चार वर्षं गेली. मला मांडीवर घेऊन तो बोटांनी चाचपायचा. चाक लागायचं, धुराडं लागायचं, पण छापलेला रंग बोटांना लागत नाही. शेवटच्या रविवारी त्याने मला रुळावर तिरकं ठेवलं आणि मी तीन हातांवर जाऊन आपटले. त्यानंतर रूळ निघालेच नाहीत. एका पावसाळ्यात बल्ब गेला, तो त्याला दिसला नाही. आपोलिनाला दिसला असेल, पण कपाटाला हात लावायचा नाही हे तिच्या अंगवळणी पडलेलं. माझ्या पाठीवर तांबूस डाग उठले आणि हिरवा रंग मळकट झाला.

मेल्विना आता गोव्याला हॉस्पिटलात नर्स आहे. या वर्षी ती सुट्टी काढूनच आली आणि बापाचं काही ऐकेना. कुडाळच्या डॉक्टरांनी तपासलं. मोतीबिंदू फार पिकलाय, नजर कितपत येईल ते सांगता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तरी ऑपरेशन ठरलं, आणि पट्टी त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेल्विनाने घरीच काढायची असं ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जेवताना इनास म्हणाला, "पट्टी काढल्यार मी पयली माझी गाडी बघतलंय. तिचो हिरवो रंग दिसलो तर डोळो इलो. नाय दिसलो तर गेलो. माका डॉक्टराक इचारूची गरज नाय."

आपोलिनाने ते ऐकलं. आमटी वाढता वाढता तिने एकदा वळून कपाटाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक कुडाळला गेले. आपोलिनाला गाडी लागते, म्हणून ती घरीच राहिली. घरात ती आणि मी. चाळीस वर्षांत असं किती वेळा झालं असेल, पण तिने कधी किल्लीकडे बघितलं नव्हतं. त्या दिवशी तिने खिळ्यावरची किल्ली काढली. आधी साबणाने हात धुतले. वास घेऊन बघितला, पुन्हा धुतले. असं तीनदा. पुसून कोरडे केले आणि इनासची पावडर घेऊन दोन्ही तळव्यांना चोळली. सगळं तिला पाठ होतं, दारात उभी राहून पाठ केलेलं. मग तिने मला उचललं. मित्रांनो, तिचे हात मुळीच खारे नव्हते. उबदार होते.

मलमलीने तिने माझे डाग पुसले. डाग हलेनात. तिचा चेहरा उतरला. ती मला घेऊन मागीलदारी आली, तर कुंपणापलीकडे शेवंती देवाच्या समया घासत बसलेली. शेवंती म्हणाली, "अगो, डाग काय पुसतंस? सोलांच्या पाण्यात घाल. तू काय कमी पितळ घासलंस?"

आता इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. कोकमाची सोलं पाण्यात कुसकरायची, त्यात भांडं बुडवायचं, आणि राख घेऊन काथ्याने घासायचं, ही आमच्याकडची पितळ घासायची रीत. आणि या कामात आपोलिनाचा हात धरणारी अख्ख्या देवबागात नाही. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाच्या आधी तिथले पितळी मेणबत्तीचे खांब तिच्याच स्वाधीन करतात. फादर दर वर्षी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतात. तेवढी एकच गोष्ट तिची होती, जिला कोणी हात लावू नको म्हणत नव्हतं. ती तिला जमत होती, म्हणून ती तिने माझ्यासाठी केली.

तिने मोठ्या घमेल्यात सोलं कुसकरली आणि मला त्यात बुडवलं. अर्धा तास. पाणी माझ्या खाचांतून आत शिरलं आणि स्प्रिंगपर्यंत गेलं. मी ओरडत होते, पण पत्र्याचं ओरडणं कोण ऐकणार? मग तिने काथ्याचा गोळा राखेत बुडवला आणि घासायला लागली. पहिल्यांदा डाग गेले. ती खूष झाली, गुणगुणायला लागली. मग हाताखालून हिरवं पाणी यायला लागलं.

पितळावर जो मळ धरतो ना मित्रांनो, तो हिरवा असतो. जुनाट खांब घासताना असंच हिरवं पाणी सुटतं, आणि ते सुटलं की घासणाऱ्या बाईला बरं वाटतं, कारण आता भांडं निघणार. आपोलिनाच्या हातांना हेच ठाऊक होतं. ती मला म्हणाली, "बघ, केवढो मळ साचलो हा तुज्यार!" आणि जोर लावून घासत राहिली. माझ्या अंगावर राखेचा लगदा होता, खालचं काही दिसत नव्हतं. लाल रेघ गेली. आकडे गेले. खिडकी गेली आणि तिच्यातला मिशीवाला गेला. तिने तांब्यातलं पाणी माझ्यावर ओतलं.

राख वाहून गेली आणि खालून नुसता पांढरा पत्रा निघाला. मग तिने मला उलटं करून बघितलं, पुन्हा सुलटं केलं. घमेल्यातलं हिरवं पाणी ओंजळीत घेऊन माझ्यावर सोडलं. पुन्हा सोडलं. वेडी बाई! गेलेला रंग परत अंगावर घालत होती ती.

कुंपणावरून शेवंती म्हणाली, "बरी चकाकता गो! नवी कोरी दिसता!"

आपोलिनाने घमेलं बाजूला सारलं. तिने मला साडीच्या जुन्या तुकड्याने खाच न् खाच कोरडी केली, उन्हात धरून बसली, आणि उन्हं कलल्यावर कपाटात ठेवून दार लावून घेतलं. कुलूप घालून किल्ली पुन्हा खिळ्यावर टांगली.

संध्याकाळी ते दोघे आले. इनासच्या डोळ्यावर पट्टी आणि तोंडाला खळ नाही. डॉक्टर कसा बोलला, भूल कशी दिली, सगळं सांगत होता. आपोलिना पेज भरवत होती. "इनास," असं तिने दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "उद्या गो, उद्या! उद्या माझो हिरवो रंग बघतलंय." तिने पुढचा चमचा भरवला.

सकाळी त्याला पुढच्या दारी खुर्चीत बसवलं. मेल्विनाने हात धुऊन पट्टी काढली, डोळा पुसला, थेंब घातले. "पापा, आता हळू उघड." तो डोळा घट्ट मिटून म्हणाला, "आधी गाडी. आपोलीन, गाडी हाड. आज तूच हाड, तुझ्या हातान."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा. ज्या एका वाक्यासाठी ती चाळीस वर्षं दारात उभी होती, ते त्याने नेमकं त्या सकाळी म्हटलं. आपोलिनाने मला आणलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने मान खाली घातली, डोळा उघडला आणि माझ्याकडे बघितलं.

आधी तो थोडा पुढे वाकला. मग मला उजेडात वर धरलं. मग त्याचा हात खाली आला.

"रंग खंय आसा?" तो म्हणाला. "पांढरा दिसता. नुसता पांढरा." आणि त्याने डोळा मिटून घेतला. "गेलो गो मेल्विना. डोळो गेलो माझो."

मेल्विनाने माझ्याकडे बघितलं. मग आईकडे बघितलं आणि तिला सगळं समजलं. "पापा, डोळो उघड, माका बघ," ती म्हणाली, पण तो ऐकेना. लहान पोरासारखं तोंड भिंतीकडे करून बसला. रंग घासून निघेल, हे त्याच्या मनातसुद्धा येत नव्हतं. आपल्या घरात मला कोणी हात लावील, हेच मुळी त्याला ठाऊक नव्हतं. आपला डोळा फुटला हे त्याला त्याहून खरं वाटलं. आपोलिना गप्प राहिली असती तर आणखी तासभर ते खपलं असतं. पण तिला ते सोसवेना.

"इनास, तुझो डोळो बरो आसा," ती म्हणाली. "तिका रंगच रवलो नाय. मिया घासून काढलंय."

त्याने डोळा उघडला. माझ्याकडे बघितलं, आणि मग तिच्याकडे. चार वर्षांनी तो तिला बघत होता. तिचे केस पांढरे झालेत हे त्याला माहीतच नव्हतं. तिचे हात सोलांनी काळपट झालेले होते आणि राखेने बोटांची टोकं फुटली होती. त्याची नजर त्या हातांवर थांबली.

"कित्याक गो?" त्याने विचारलं.

"तू म्हटलंस, हिरवो रंग दिसाक व्हयो. तिच्यार डाग पडले होते. माका वाटला, लख्ख केलंय तर तुका बरी दिसतली."

"माका इचारूक नाय?"

आपोलिनाचा आवाज चढला नाही. ती सावकाश म्हणाली, "काय इचारूचा? चाळीस वर्सा मी थंय दारात उभी. तुझे हात खारे, एवढाच तू माका सांगलंस. दुसरा काय सांगलंस, सांग?"

 इनास रडायला लागला. मेल्विना घाबरली, "पापा, रड नको, डोळ्याक बरा नाय," म्हणून त्याचे खांदे धरून बसली. आपोलिना आत निघून गेली. मी त्याच्या मांडीवरून घसरून खुर्चीच्या पायाशी पडले होते. त्या दिवशी मला कोणी उचललं नाही. मला वाटत होतं तो माझ्यासाठी रडतोय. पण तो तिच्यासाठी रडत होता, हे मला नंतर उमगलं. आणि इतकी वर्षं सवत म्हणून मी मिरवत होते, त्याची मला लाज वाटली.

पुढे त्याने मला उघडलं. स्प्रिंगवर गंज धरायला लागला होता. रॉकेलने धुऊन, सुकवून, तेल देऊन त्याने तो काढला. मी चालू शकते, तेवढी वाचले. पुण्याच्या छंदिष्टाला फोटो गेला, त्याचा निरोप आला, 'अरेरे, संपली हो, आता नुसता पत्रा.' इनासने फोन उलटा करून ठेवला.

आता दर रविवारी तो पुन्हा रूळ मांडतो. डोळा चांगला आलाय, रुळांचे जोड सहज बसवतो. मला रुळावर ठेवतो, चावी हातात धरतो आणि हाक मारतो, "आपोलीन, ये गो. चावी तू दी. चौदा फेरे, मी मोजतंय."

आतून उत्तर येतं, "माझो भात लागतलो."

पुढच्या रविवारी, "मासळी राखूक व्हयी, माजर इला." त्याच्या पुढच्या रविवारी उत्तरही येत नाही. ती दारातसुद्धा उभी राहत नाही आता. एकदा तो चावी घेऊन आत गेला, तिचा हात धरून त्यात चावी ठेवायला गेला. तिने हात पाठीमागे घेतले. "नको रे इनास," ती म्हणाली, "माझ्या हातान काय होता ता बघलंस मां? नको." रागाने म्हणाली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग तो बाहेर येऊन जमिनीवर बसतो आणि रिकाम्या दाराकडे तोंड करून मोठ्याने सांगत राहतो. "पत्र्याक पाणी लावूचा नाय गो. कोरड्या फडक्यान पुसूचा. तेल सुयेच्या टोकार, एकच थेंब. पंधरावो फेरो देवचो नाय, स्प्रिंग तुटता." सगळं, पहिल्यापासून. ते जे चाळीस वर्षांपूर्वी त्या पहिल्या दिवशी सांगायचं होतं ते. तो बोलत असतो तोवर आत भांड्यांचा आवाज बंद असतो. ती ऐकते, मला ठाऊक आहे. त्याचं बोलणं संपलं की भांडी पुन्हा वाजायला लागतात.

शेजारची पोरं विचारतात, "आजोबा, सोडा ना गाडी." तो म्हणतो, "आजीन चावी दिल्याशिवाय सुटूची नाय." पोरं थोडा वेळ बसतात आणि उठून जातात. हल्ली ती येतही नाहीत. मग तो रूळ सोडवतो आणि मला कोरड्या मलमलीने पुसून कपाटात ठेवतो. चावी दिलेलीच नसते, त्यामुळे स्प्रिंग सोडवावी लागत नाही.

मित्रांनो, रंग गेल्याचं मला दुःख आहे. का नसेल? पण तेवढंच असतं तर मी सोसलं असतं. मला तिच्या हाताची एक चावी हवी आहे, आणि ती मिळेल असं आता वाटत नाही. तुमच्याकडे जुन्या वस्तू असतील तर त्यांना ओल लागू देऊ नका, कोरड्या हाताने उचला, हे मी सांगायला हवंच. पण त्याआधी एक करा. तुमच्या आवडीच्या वस्तूकडे घरातलं कोणी लांबून बघत उभं असेल, तर त्याला आजच जवळ बसवा. वस्तू त्याच्या हातात द्या, कशी धरायची ते सांगा, आणि पडली तर पडू द्या. आमच्या घरात हे बोलावणं चाळीस वर्षं उशिरा निघालं. आज रविवार आहे. इनास रूळ मांडून बसलाय, हाक मारतोय, आणि आत भात कधीच शिजून झाला आहे.